पुरात गेलेली वडिलांची पुस्तकं परत जमवायचीत, जुनी स्वस्तात कुठं मिळतील?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या घरात खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि वडिलांची दोन कपाटं भरून पुस्तकं त्यात गेली. पाणी उतरल्यावर कपाट उघडायला गेलो तर दारच उघडेना, पुस्तकं भिजून फुगलेली आणि आतून दाराला रेटून बसलेली, शेवटी पहारीनं दार काढलं. गुळगुळीत कागदाची होती त्यांच्या तर विटाच झाल्या, एक पान सुटं होईना. साध्या कागदाची वीस-बावीस पुस्तकं आईनं दोरीवर वाळत घातली ती तेवढी राहिलीत, तीही डागाळलेली आहेत.

वडील आता ७६ चे. कारखान्यात टाइमकीपर होते, पगार झाला की एक पुस्तक असं चाळीस वर्षं केलं त्यांनी. पुरानंतर या विषयावर बोललेच नाहीत कधी. मागच्या महिन्यात मला एक वही दिली, त्यात आठवतील तशी २१२ पुस्तकं लिहून काढलीत. काहींची नावं आहेत पण लेखक नाही, काहींचा नुसता लेखक, आणि तीन-चार ठिकाणी "निळं कव्हर, किल्ल्यांवरचं, नकाशे घडीचे" एवढंच. मला ही जमतील तेवढी परत आणायचीत.

महिन्याला हजार-बाराशे बाजूला काढू शकतो, त्यापेक्षा जास्त नाही. ऑनलाइन बघितलं तर वडिलांनी ४० रुपयाला घेतलेलं एक पुस्तक १८०० ला लावलंय, डोकंच फिरलं. इथल्या रद्दीच्या दुकानात दोनदा जाऊन आलो, गाईडं आणि कॉम्प्युटरची जुनी पुस्तकंच होती. पुण्या-मुंबईला कुठं जायचं, ऑनलाइन घेताना काय बघायचं, कोणी अनुभवी असेल तर सांगा. घाई नाही, पण वडिलांचं वय बघता फार वर्षं लावून पण चालणार नाही.

रद्दीतून_कपाटात (पुणे)

दादा, वहीतली २१२ नावं वाचून बरं वाटलं, कारण यादी हातात असलेला माणूस जुन्या बाजारात कधी रिकामा परत येत नाही.

मी पंचवीसेक वर्षं जुनी पुस्तकं घेतोय, त्यातून एकच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. जुनं पुस्तक शोधायच्या आधी ते नवं मिळतंय का ते बघा. मराठीत खूप पुस्तकं तीस-चाळीस वर्षं सतत छापली जातायत आणि तरी ऑनलाइन कोणीतरी "दुर्मिळ" म्हणून चौपट किमतीला लावून ठेवतो. मी स्वतः एका पुस्तकाला ९०० मोजले आणि पंधरा दिवसांनी त्याचीच नवी आवृत्ती दुकानात ३२० ला बघितली. तेव्हा आधी बुकगंगावर, म्हणजे मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात, नाव टाका, नाही दिसलं तर प्रकाशकाला सरळ फोन करा, आपले मराठी प्रकाशक फोन उचलतात आणि "आवृत्ती संपलीय, पुन्हा काढणार नाही" किंवा "गोडाऊनमध्ये चार प्रती आहेत पण कव्हर खराब आहे" असं नीट सांगतात. त्या कव्हर खराब झालेल्या प्रती मागा, बऱ्याचदा निम्म्यात देतात. तुमची सत्तर-ऐंशी नावं तर इथेच सुटतील बघा.

मग उरतात ती खरी शोधायची. त्यातलं प्रत्येक नाव वहीत नवीन पानावर घ्या आणि वडिलांना विचारून प्रकाशक कोण, साधारण कुठल्या साली घेतलं, पुठ्ठ्याची बांधणी की साधी, हे लिहा. विक्रेता पुस्तक नावानं कमी आणि कव्हरनं जास्त ओळखतो. तुमच्या त्या निळ्या कव्हरवाल्या किल्ल्यांच्या पुस्तकाला "नकाशे घडीचे" ही खूण फार कामाची आहे, ती काढून टाकू नका.

पुण्यात आलात तर रविवारी किंवा बुधवारी या, जुना बाजार त्याच दोन दिवशी भरतो. तिथं लोखंड, कपडे, घड्याळं यांच्यामध्ये पुस्तकवाले बसतात, सकाळी लवकर जा कारण पुस्तकांचे व्यापारी स्वतःच तिथं सकाळी येऊन चांगलं उचलून नेतात. अप्पा बळवंत चौकात जुनं मिळतं ते मुख्यतः अभ्यासक्रमाचं, जून-जुलैत तर पाय ठेवायला जागा नसते, तुमच्या कामाचं तिथं नवं मिळेल, जुनं कमी. डेक्कन आणि अलका टॉकीजच्या बाजूला फुटपाथवर आणि आतल्या गल्ल्यांत जुनी मराठी पुस्तकं ठेवणारे आहेत, त्यांच्याशी ओळख करा. एकदा जाऊन घासाघीस करून निघून आलात तर काही होणार नाही. मी माझ्या माणसाकडे पहिल्या दिवशी तीन पुस्तकं घेतली, भाव केला नाही, आणि यादीची झेरॉक्स ठेवून आलो. त्यानं पुढच्या दोन वर्षात अकरा पुस्तकं फोन करून दिली. पेठांमधले जुने वाडे पडतात, कोणाचं तरी घर रिकामं होतं, पुस्तकं पोत्यानं बाहेर येतात आणि ती सगळ्यात आधी या लोकांकडे जातात.

आता घेताना काय बघायचं. जुनी पुस्तकं फॉर्म्यात छापलेली असतात, साधारण १६ पानांचा एक फॉर्मा. म्हणजे पान १७, ३३, ४९, ६५ असं जिथं नवा फॉर्मा सुरू होतो तिथं पानं सलग आहेत का ते बघा, जुन्या खिळा-छपाईच्या पुस्तकात त्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात फॉर्म्याचा नंबर पण असतो. बांधणीत एखादा फॉर्मा राहून गेलेला किंवा तोच दोनदा लागलेला असतो आणि घरी आल्यावर कळतं की पान ४८ नंतर एकदम ६५ आहे. नकाशे, घडीची पानं, शेवटचे फोटो, वंशावळी, हे आधी फाटतं, ते मोजून घ्या. मग पुस्तक अर्ध्यात उघडून नाकाला लावा, कुबट वास आला तर कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या, का ते खाली कोणीतरी सांगेलच.

माटुंग्याची_शर्वरी

मुंबईचं मी सांगते. फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवाले पूर्वी खूप होते, २००५ च्या सुमारास पालिकेच्या कारवाईनंतर कमी झाले, आता थोडेच उरलेत आणि मराठी शोधायला लागतं. किंग्ज सर्कलला महेश्वरी उद्यानाच्या आसपास फुटपाथवर पुस्तकांचे ढीग असतात, तिथं इंजिनिअरिंग, मेडिकल, इंग्रजी कादंबऱ्या भरपूर आणि मराठी कधीमधी, पण वाचून परत दिलं तर काही पैसे परत देतात म्हणून कॉलेजच्या मुलांना फार उपयोगी. फक्त मराठीसाठी सांगलीहून मुद्दाम इथं या असं मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीवाले पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शन भरवतात त्यावर लक्ष ठेवा. आपली वाचून झालेली पुस्तकं द्यायची, नाममात्र शुल्क भरायचं आणि तेवढीच दुसऱ्याची घेऊन यायची. मी एकदा १४ दिली १४ आणली. घरात आलेली, पुन्हा न वाचणारी पुस्तकं असतील तर ती गोळा करा, मित्रांकडून मागा, आणि तिथून वहीतली मिळतात का बघा. यात पैसा जवळजवळ लागतच नाही. मात्र देताना पुस्तक धडधाकट पाहिजे, फाटकी, पानं गेलेली तिथं घेत नाहीत आणि बरोबरच आहे ते.

आणि फुटपाथवर एक जपा. नवं कोरं वाटणारं पण फारच स्वस्त पुस्तक म्हणजे चोरून छापलेलं असतं. कव्हरवरची अक्षरं जरा पुसट, कागद झिरझिरीत, ओळी एका बाजूला कललेल्या, मधेच एखादं पान कोरं. त्यात लेखकाला एक रुपया जात नाही. वडिलांच्या कपाटासाठी तसलं घेऊ नका.

कृष्णाकाठ

दोघांचे खूप आभार. काल रात्री बसून बुकगंगावर तपासलं, २१२ पैकी ९४ नवी मिळतायत!! मला वाटलं होतं सगळीच गेली. पण ९४ नवी घ्यायची तर माझ्या बजेटला दोन-अडीच वर्षं त्यातच जातील. त्यात वडिलांची तुकारामांची गाथा आहे, मोठी, सरकारनं छापलेली, त्यांना तीच पाहिजे, दुसऱ्या कुठल्या प्रकाशनाची नको. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवाळी अंक आहेत वीस-पंचवीस, ते नावानिशी लिहिलेत. लायब्ररीची रद्द केलेली पुस्तकं विकत मिळतात असं ऐकलं, ते कसं असतं?

तालुका_ग्रंथपाल

मी एका तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं झाली.

वाचनालयाची पुस्तकं मिळतात, पण तुम्ही आलात आणि मी दिलं असं नसतं. फाटलेली, कालबाह्य, जास्तीच्या प्रती, यांची आम्ही यादी करतो, कार्यकारी मंडळाचा ठराव होतो आणि मग ती निर्लेखित करतो म्हणजे दाखल नोंदवहीतून कमी करतो. त्यानंतर काही वाचनालयं सभासदांना दोन-तीन दिवस नाममात्र किमतीत घेऊ देतात आणि उरलेली रद्दीत जातात, काही ठिकाणी सगळी एकगठ्ठा रद्दीतच जातात. म्हणून आसपासच्या पाच-सहा वाचनालयांच्या ग्रंथपालांना भेटून यादी देऊन ठेवा आणि "निर्लेखन कधी आहे तेवढं कळवा" म्हणा. मार्च-एप्रिलच्या सुमारास विचारलंत तर उत्तम, तेव्हा आमचीही आवराआवर चालू असते. कोणी पुराचं कारण सांगून वडिलांची वही दाखवली तर कुठलाही ग्रंथपाल आपणहून शोधून देईल, मी तरी नक्की देईन.

एक बघत जा. वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक आहे पण कुठंही बाद केल्याचा शिक्का किंवा सही नाही, असं पुस्तक बाजारात दिसलं तर ते नेलेलं आणि परत न आलेलं असू शकतं. मला माझ्याच वाचनालयाचं एक पुस्तक एका स्टॉलवर मिळालंय, कार्डाच्या खिशासकट. ते पैसे देऊन परत आणलं.

दिवाळी अंकांचं सोपं आहे. सभासद अंक वाचून झाले की होळीपर्यंत ते बऱ्याच वाचनालयांत निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत विकले जातात, पण ते त्या वर्षीचे. तुम्हाला पाहिजेत ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, ते घरांमधून निघतात, बहुतेक वेळा गठ्ठ्यानं. एकेक अंक शोधत बसू नका, गठ्ठा मिळाला तर पूर्ण घ्या, नको ते दुसऱ्याला द्या. मनोरंजनचा १९०९ चा पहिला दिवाळी अंक वगैरे संग्राहकांच्या वाट्याचं आहे, पण सत्तर-ऐंशीचे अंक लोक अजून जागा करायला म्हणून काढून टाकतात. टाचण्या गंजलेल्या असतील, त्या अलगद काढून दोऱ्यानं शिवून घ्या, नाहीतर गंज पानात उतरतो आणि तिथंच कागद तुटतो.

गाथेसाठी शासकीय ग्रंथागारात विचारा. मुंबईत चर्नी रोडला आहे, पुण्यात आहे, नागपुरात आहे. शासनानं छापलेली पुस्तकं तिथं छापील किमतीला मिळतात आणि ती किंमत बाहेरच्या मानानं फार कमी असते. साठा संपला की पुन्हा छापेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे फोन करूनच जा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंडही तिथंच. वहीत तसलं काही असेल तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला पुस्तकांचे स्टॉल एकदा बघा, एवढ्या कमी पैशात एवढी पुस्तकं विकली जाताना मी दुसरीकडे कुठं बघितलेली नाहीत, माणसं पिशव्या भरभरून नेतात.

आणि यादीत साने गुरुजी असतील तर जुन्या प्रतीला जास्त पैसे देऊ नका. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो, गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून कोणीही छापू शकतं आणि म्हणून पुष्कळ प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या आहेत. फक्त मजकूर पूर्ण आहे ना, संक्षिप्त नाही ना, ते आतल्या पानावर वाचून घ्या.

नागपूरची_मुक्ता

ऑनलाइनचं मी सांगते कारण गावात चांगलं दुकान नाही तिथं वाढले आणि सगळं असंच जमवलंय, आता नागपुरात आहे तर सीताबर्डीला फेरी असते पण सवय ऑनलाइनचीच.

शोधताना देवनागरीत टाका आणि मग इंग्रजी अक्षरांत पण टाका, आणि ते सुद्धा तीन-चार तऱ्हेनं. ज्ञ साठी कोणी डीएन लिहितं, कोणी जीवाय, कोणी जेएन. व साठी कोणी व्ही कोणी डब्ल्यू. शेवटी ए लावायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवलेलं. मला एक पुस्तक दोन वर्षं सापडत नव्हतं, मग एकदा चुकीचं स्पेलिंग मुद्दाम टाकलं तर ११० रुपयाला पडून होतं, कोणालाच सापडत नव्हतं म्हणून कोणी घेतलं नव्हतं. नुसतं लेखकाचं आडनाव टाकून पण बघत जा, आणि ओएलएक्सवर "जुनी मराठी पुस्तके", "कादंबऱ्या", "पुस्तकांचा संच" असं टाका. तिथं घर बदलणारी माणसं असतात, त्यांना व्यापार करायचा नसतो, जागा करायची असते. एकदा एका काकूंनी सासऱ्यांची ६० पुस्तकं १५०० ला दिली, अट एकच घातली की एकदमच न्या आणि आजच न्या.

पैसे आधी पाठवायचे असतील तर मी एक करते. "पान ११३ उघडून फोटो पाठवा" असं सांगते, दर वेळी वेगळं पान. ज्याच्या हातात पुस्तक आहे तो दोन मिनिटात पाठवतो. एका ग्रुपवर एकानं मला नेटवरचे फोटो दाखवून ७०० घेतले आणि ब्लॉक केलं, तेव्हापासून हा नियम. पाठकणा, शेवटचं पान आणि आतलं आवृत्तीचं पान यांचेही फोटो मागा. "चांगल्या स्थितीत" या शब्दावर जाऊ नका, प्रत्येकाचं चांगलं वेगळं असतं.

पोस्टाचं मुद्दाम लिहिते कारण स्वस्त पुस्तक कुरिअरनं महाग होतं. १ मे २०२५ पासून पोस्टानं ज्ञान पोस्ट सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो पण ट्रॅक करता येतं. पाठवणाऱ्याला याच नावानं विचारायला सांगा, नाहीतर खिडकीवर साधं पार्सल करून येतो आणि आपल्याकडून दुप्पट घेतो. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव पाहिजे, आणि नियतकालिकं त्यात चालत नाहीत, म्हणजे तुमचे दिवाळी अंक वेगळे मागवावे लागतील. एका विक्रेत्याकडून एक-एक न घेता पाच किलो होईपर्यंत थांबा, बहुतेक जण बाजूला काढून ठेवतात.

अक्षर_जुळारी

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. २१२ च्या २१२ कागदावरच पाहिजेत का? राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात, विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या साइटवर शोधता येतात, आणि हक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेली आहेत. ७६ वर्षांच्या माणसाला जुन्या पुस्तकाची बारीक अक्षरं वाचायला त्रास होतो, टॅबवर अक्षर मोठं करता येतं. माझ्या आजोबांनी ८१ व्या वर्षी असंच वाचायला सुरुवात केली आणि आता ते टॅब खाली ठेवत नाहीत. तुमच्या हजार रुपयांतले जे वाचतील ते खरोखर न मिळणाऱ्या पुस्तकांवर लावा.

रद्दीतून_कपाटात (पुणे)

कोश आणि संदर्भाच्या बाबतीत एकदम मान्य, विश्वकोशाचे सुटे खंड रद्दीत येतात पण ते जड, जागा खाणारे आणि कधी संच पुरा होत नाही. मात्र बाकीच्यांसाठी नाही. वहीत लिहून दिलंय त्या माणसानं "पुठ्ठ्याची बांधणी", "निळं कव्हर". त्यांना त्या पुस्तकातलं काय आहे ते पाठच असेल. त्यांना ते कपाटात पाहिजे.

तालुका_ग्रंथपाल

दोन्ही करा की. हक्क संपलेलं, कुठंच न मिळणारं असेल तर स्कॅनवरून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून बायंडरकडून पुठ्ठ्यात बांधून घ्या, मी आमच्या ज्येष्ठ वाचकांसाठी काही पुस्तकं अशी केलीत. हक्क चालू असलेल्याची मात्र झेरॉक्स नको.

देगलूरचा_मास्तर

कुबट वासाचं राहिलं ते सांगतो. पुरातून वाचलेली जी वीस-बावीस आहेत ती आणि नवीन आणलेली जुनी पुस्तकं एका कपाटात ठेवू नका. आमच्या शाळेत कोणीतरी दान दिलेली दोन पोती सरळ कपाटात लावली, पावसाळा गेल्यावर उघडलं तर अख्ख्या खालच्या कप्प्याला बुरशी आणि वरच्यात कसर. मुलांच्या वाचनाची नव्वद पुस्तकं टाकून द्यावी लागली, अजून वाईट वाटतं.

आणलेलं पुस्तक आधी महिनाभर वेगळं ठेवायचं. बाहेर अंगणात नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशनं कडा आणि शिवणीतली धूळ काढायची. मोकळं ठेवायचं ते सावलीत, वारं लागेल असं, कडक उन्हात कागद पिवळा पडून कडकडीत होतो. कीड वाटली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं, काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्यायची नाहीतर पुस्तकाला दव धरतं. वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवतात, ठेवायला हरकत नाही पण आधीच लागलेली कीड त्यानं जात नाही. कपाट भिंतीला चिकटवून नको, चार बोटं जागा सोडा, आणि सांगलीत आहात तर पुस्तकं वरच्या मजल्यावर न्या हे सांगायला नको. वडिलांना दम्याचा त्रास असेल तर डाग पडलेली पुस्तकं त्यांच्या उशाशी देऊ नका.

कृष्णाकाठ

चार महिन्यांनी लिहितोय, उशीर झाला. आतापर्यंत ३९ झाली. कोणी विचारलं तर आकडे देतो: सगळे मिळून ४६५० खर्च झाला, त्यात टपाल ४१०. यातली नऊ प्रकाशकाकडून कव्हर खराब झालेली निम्म्यात आली, एकानं तर फोनवर वही ऐकून घेतली पूर्ण. सहा मिरजेच्या रद्दीवाल्याकडे, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं काही नाही म्हणून सांगितलं होतं, यादीची झेरॉक्स देऊन आलो तर पंधरा दिवसांनी त्याचाच फोन, किलोच्या भावानं दिली. जवळच्या एका वाचनालयात निर्लेखनात तेरा मिळाली, सगळ्यांवर बाद केल्याचा शिक्का बघून घेतला. गाथा ग्रंथागारात फोन केला तेव्हा नव्हती, दुसऱ्यांदा केला तेव्हा होती, मामेभावानं पुण्याहून आणली. बाकीची दहा ऑनलाइन, पान ११३ चा फोटो मागून. एका विक्रेत्यानं विचारलं पण, ११३ वरच काय आहे म्हणून.

एक फसगत झाली. १८० ला घेतलेल्या एका चरित्रात पान ९६ नंतर थेट ११३ आलं, म्हणजे अख्खा फॉर्माच नाही, आणि मी त्या वेळी घाईत तपासलं नव्हतं. वडिलांना दाखवलं तर म्हणाले राहू दे, त्या सोळा पानांत काय आहे ते मला माहितीय, आणि वहीत त्या नावापुढं "अपुरे" असं लिहून ठेवलं. तरी मला ती पानं पाहिजेत. कोणाकडं हे पुस्तक असेल तर तेवढ्या पानांचं काय करता येईल, हक्क अजून चालू आहे त्यामुळे झेरॉक्स नको असं वर ग्रंथपालांनी सांगितलंय.

निळं कव्हर अजून सापडलेलं नाही. वडिलांना काल आठवलं की आत पहिल्या पानावर गडाच्या दरवाज्याचं रेखाचित्र होतं आणि किंमत आठ रुपये. कोणाच्या घरी असलं काही असेल तर नुसतं नाव सांगा, शोधतो मी.

तालुका_ग्रंथपाल

चरित्राचं नाव आणि आवृत्ती कळवा, आमच्याकडे असेल तर ती पानं वहीत हातानं उतरवून घ्यायला येऊन बसा, चहा आमच्याकडून. आणि प्रकाशक चालू असेल तर त्यांना अपुऱ्या प्रतीचं सांगून बघा, छापखान्यातले सुटे फॉर्मे कधीकधी पडलेले असतात.

रद्दीतून_कपाटात (पुणे)

दरवाज्याचं रेखाचित्र, आठ रुपये, घडीचे नकाशे. लिहून घेतलं. रविवारी जुन्या बाजारात दोघांना विचारतो.